ग्रँट डफचे घराणे आणि आपला मुलूख

सन १६९७ मध्ये सेनापती संताजी घोरपडे ओढ्यात स्नान करीत असता म्हसवडच्या नागोजी माने यांनी त्यांचे शिर कापले. ही हकीकत माणदेशात सर्वांना ठाऊक आहे. परंतु ती इंग्रजी ग्रंथात लिहून सातासमुद्रापलीकडे पोचविली ती कॅप्टन जेम्स ग्रँट डफ या स्कॉच अधिकाऱ्याने. त्याच्या पुस्तकावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. आज त्याच्या घरची थोडी माहिती सांगतो.

जेम्सचा जन्म स्कॉटलंडातील बँफ गावी ८ जुलै १७८९ रोजी झाला. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीचा भडका उडाला तो याच आठवड्यात म्हणा ना! तेव्हा तो नुसता ग्रँट होता. डफ हे त्याच्या आईचे माहेरचे नाव. १७९९ साली वडील वारले. घरातला थोरला मुलगा हाच, वय जेमतेम दहा. ॲबर्डीनला त्याचे शिक्षण झाले. त्याला कंपनीच्या मुलकी खात्यात घालायचे ठरत होते. पण त्या जागेसाठी थांबावे लागणार होते, आणि पोराला दम कुठला? १८०५ साली, नेपोलियनशी युद्ध ऐन रंगात असता, त्याने लष्करातली उमेदवारी पत्करली आणि मुंबईचे जहाज गाठले. त्या काळी आफ्रिकेला वळसा घालून यायला कित्येक महिने लागत. घरच्या पत्राचे उत्तर यायला वर्ष सरे. वय सोळा वर्षांचे!

तो फारसी शिकला, काठेवाडात मालियाच्या गढीवरील हल्ल्यात लढला, आणि पुढे पुण्याच्या रेसिडेंट एल्फिन्स्टनसाहेबाच्या नजरेत भरला. एप्रिल १८१८ मध्ये पेशवाई बुडत असता त्याची साताऱ्यास नेमणूक झाली. वय अठ्ठावीस, पगार दरमहा दोन हजार रुपये, शिवाय भत्ता दीड हजार. राजे प्रतापसिंहांचा कारभार १८२२ पर्यंत त्याच्याच सल्ल्याने चाले. फलटण, औंध, जत इत्यादी जहागीरदारांशी १८२० साली करार झाले तेही त्याच्याच हातून. म्हणजे माणगंगेच्या दोन्ही तीरांचा हिशेब या तरुणाच्या टेबलावर होता.

येथेच त्याने कागद जमविले. दरबारची दप्तरे, देवस्थानांची दप्तरे आणि सरदारांच्या घरचे कागद त्याला पाहावयास मिळाले. सत्ता हाती असलेल्या माणसाला ‘नाही’ कोण म्हणणार? हा माझा तर्क. पण तो फारसा चुकीचा नसावा. १८२२ साली प्रकृती ढासळली म्हणून तो मायदेशी परतला आणि १८२६ मध्ये त्याचा मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत निघाला. थोड्याच वर्षांत तो मराठीतही आला. १८६८ साली नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी त्याची परखड झडती घेतली. आपल्या इतिहाससंशोधनाला खरी धार त्यानंतर आली. शिक्षकबंधूंनो, तुमच्या गावी कुणाच्या माळवदाखाली मोडीचे रुमाल असतील, तर वाळवीच्या आधी ते तुमच्या नजरेस पडोत.

आता पुन्हा घरच्या गोष्टीकडे वळू. १८२५ च्या सुमारास ईडन येथील इस्टेट त्याच्याकडे आली, म्हणून त्याने डफ हे नाव लावले. आजोळचे वतन मिळाले की आडनावही घ्यायचे, अशी तिकडची रीत. त्याच वर्षी जेन कॅथरीन एन्स्ली हिच्याशी त्याचे लग्न झाले. तिचे वडील मद्रासकडे कंपनीचे डॉक्टर होते व त्यांनी हिंदुस्थानी औषधींवर मोठा ग्रंथ लिहिला होता. १८५० साली पत्नीकडील इस्टेट आली, तेव्हा आणखी एक आडनाव जोडले गेले: कनिंगहॅम!

प्रतापसिंहांना १८३९ साली पदच्युत करून काशीस पाठविले, १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाले. ग्रँट डफ तेव्हा स्कॉटलंडात शेतीवाडी सुधारीत होता. २३ सप्टेंबर १८५८ रोजी तो वारला. मागे एक मुलगी व दोन मुलगे. थोरल्याचे नाव त्याने आपल्या जुन्या साहेबावरून माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन असेच ठेवले होते. हा मुलगा १८८१ ते १८८६ मद्रासचा गव्हर्नर होता. इंग्रजी राज्याने हिंदुस्थानचे कल्याण केले असे त्याने विलायतेत लिहिले, तेव्हा १८८७ साली त्याला आकड्यांनिशी उत्तर दिले ते दादाभाई नौरोजींनी.