अ‍ॅलोफोन : एक शब्द, दोन अर्थ

मागच्या व्याख्यानात आपण स्वनिम म्हणजे काय ते पाहिलं. ‘पळ’ आणि ‘फळ’ या शब्दांत एकच ध्वनी बदलला आणि अर्थ बदलला, म्हणून मराठीत प आणि फ हे दोन वेगळे स्वनिम. आज त्याच्या पुढची संकल्पना पाहू : स्वनांतर, म्हणजेच अ‍ॅलोफोन.

‘संत’, ‘पंच’, ‘गंगा’ हे तीन शब्द जरा सावकाश म्हणून बघा. ‘संत’ म्हणताना जीभ दातांना टेकते, ‘पंच’ म्हणताना टाळूला, आणि ‘गंगा’ म्हणताना जिभेचा मागचा भाग वर उचलला जातो. म्हणजे अनुनासिकं तीन झाली. पण लिहिताना आपण एकच टिंब देतो आणि कानालाही तो एकच ‘न’ वाटतो. कोणता उच्चार यायचा ते पुढचं अक्षर ठरवतं. त्यांची अदलाबदल केली तर उच्चार विचित्र वाटेल, पण नवा शब्द तयार होणार नाही. एकाच स्वनिमाच्या अशा रूपांना स्वनांतरं म्हणतात.

आता महत्त्वाचा मुद्दा. एखादा ध्वनी स्वनिम की स्वनांतर, हे त्या त्या भाषेवर ठरतं. इंग्रज माणूस ‘पिन’ म्हणतो तेव्हा तोंडासमोर हात धरला तर हवेचा झोत लागतो. ‘स्पिन’ म्हणताना तो जवळजवळ लागत नाही. ओठ मिटून म्हटलेला फ आणि प यांच्यात जो फरक, साधारण तोच हा. आपल्या भाषेत त्याने अर्थ बदलतो. इंग्रजाच्या तो सहसा लक्षातही येत नाही.

‘अ‍ॅलोफोन’ हा शब्द ग्रीक मुळांवरून घडवला आहे : ‘अ‍ॅलोस’ म्हणजे दुसरा, ‘फोने’ म्हणजे आवाज. भाषाशास्त्रात तो बेंजामिन ली व्होर्फ यांनी आणला आणि जॉर्ज ट्रेगर व बर्नार्ड ब्लॉक यांच्या १९४१च्या लेखामुळे रुळला.

कॅनडात, विशेषतः क्वेबेक प्रांतात, मात्र हाच शब्द माणसांना लावतात. फ्रेंच मातृभाषेचा तो फ्रँकोफोन, इंग्रजी मातृभाषेचा अँग्लोफोन आणि या दोन्ही सोडून तिसरीच मातृभाषा असलेला तो अ‍ॅलोफोन. इटालियन, अरबी, स्पॅनिश, पंजाबी, मराठी बोलणारे सगळे या एकाच खान्यात. १९७७च्या फ्रेंच भाषा सनदेनुसार, काही अपवाद सोडले तर, त्यांच्या मुलांना अनुदानित शिक्षण फ्रेंच शाळेतच घ्यावं लागतं.

आता मॉन्ट्रियलच्या शाळेत गेलेलं एक मराठी मूल डोळ्यांसमोर आणा. फ्रेंचमध्येही ‘तू’ म्हणजे तूच! पण क्वेबेकमध्ये त्यातला त ‘चमचा’मधल्या चसारखा ऐकू येतो, आणि हा बदल ठरावीक स्वरांच्या आधीच होतो. तिथल्या लोकांसाठी ते त चं नुसतं स्वनांतर. मराठी कानाला मात्र तो वेगळा ध्वनी आहे, कारण ‘चार माणसं’मधला चार आणि ‘गुरांना चारा चार’मधला चार आपण वेगळे म्हणतो. थोडक्यात, तिथल्या बहुसंख्यांना जे स्वतःच्या बोलण्यात ऐकू येत नाही, ते या अ‍ॅलोफोन मुलाला पहिल्याच दिवशी ऐकू येतं.

दोन अर्थ शेजारी ठेवून बघा. ध्वनींच्या बाबतीत अ‍ॅलोफोन म्हणजे वेगळा असूनही आपल्यातलाच मानलेला. माणसांच्या बाबतीत अ‍ॅलोफोन म्हणजे तिथेच राहत असूनही ‘दुसरा’ म्हणून मोजलेला. क्री, इन्नू, इनुक्टिटुट या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषा. त्या फ्रेंचही नाहीत आणि इंग्रजीही नाहीत, तरी त्या बोलणाऱ्यांना सहसा अ‍ॅलोफोन म्हणत नाहीत. आणि बरोबरच आहे, कारण त्या भूमीवर फ्रेंच आणि इंग्रजी याच नंतर आलेल्या.

म्हणून ‘दुसरा’ हा शब्द कानावर आला, की आपण एक प्रश्न विचारायची सवय लावून घेऊ : दुसरा, पण कुणाच्या कानाने?