म्हातारा चाकर

फ्रान्सच्या मध्ययुगीन इतिहासात ‘सेनेशाल’ नावाचा एक बडा अधिकारी आपणांस वारंवार भेटतो. राजवाड्याचा कारभार त्याच्या हाती. प्रसंगी राजाच्या वतीने फौजही तोच चालवी. तेव्हा शब्द कानी पडताच ‘सेना’ आठवावी, यात नवल नाही. मलाही तो मोह झाला होता. पण सेनेचा येथे सुतराम संबंध नाही.

फ्रेंचांनी हा शब्द घेतला तो फ्रँक लोकांच्या जर्मानिक बोलीतून. ‘सिनि’ म्हणजे वृद्ध आणि ‘स्काल्क’ म्हणजे चाकर. घरातला जुना, म्हातारा नोकर, एवढाच त्याचा अर्थ! चौथ्या शतकातील गॉथिक बायबलातही चाकराला ‘स्काल्क्स’ असाच शब्द आहे. आठव्या शतकातील आलेमान्नी लोकांचा कायदा तर फारच बोलका आहे. ज्या धन्याच्या घरी 12 गडी आहेत, त्याचा सेनेशाल कोणी मारल्यास दंड 40 सॉलिडस. आणि हा सेनेशाल स्वतः गुलामच, असे कायदा स्वच्छ सांगतो. त्याला लागूनच, तेवढ्याच दंडाचा, 12 घोड्यांवरचा ‘मारिस्काल्क’ येतो. म्हणजे आपला मोतद्दार. ‘मार्शल’ तो हाच. विधानसभेत गोंधळ घालणाऱ्या सदस्यांना बाहेर नेणारे मार्शल काय किंवा हवाई दलातले एअर मार्शल काय, या साऱ्यांचा मूळ पुरुष तबेल्यात होता!

धनी राजे झाले, तसे त्यांचे गडीही चढले. इतके चढले की राजांनाच त्यांचा धाक वाटू लागला. 1191 साली अक्का शहराच्या वेढ्यात सेनेशाल तिबो वारला, तेव्हा राजा दुसरा फिलिप याने ती जागा पुन्हा भरलीच नाही. गंमत अशी की, एकटा राहिलेला ‘स्काल्क’ मात्र घसरला. आजच्या जर्मनमध्ये ‘शाल्क’ म्हणजे खट्याळ, थट्टेखोर माणूस.

आता ‘सिनि’विषयी. लॅटिन ‘सेनेक्स’ आणि संस्कृत ‘सन’ हे दोन्ही शब्द ‘जुना’ याच अर्थाचे, त्याचेच भाऊबंद. आपल्या ‘सनातना’चेही कूळ तेच. हे ऐकून, शब्द येथूनच तिकडे गेला, असे म्हणण्याची घाई कोणी करू नये. भाऊ सापडला म्हणजे बाप सापडला असे नव्हे. ही सारी एका प्राचीन भाषेची लेकरे.

इंग्लिश खाडीतील सार्क या चिमुकल्या बेटावर न्यायाधीशाला अजूनही ‘सेनेशल’च म्हणतात.