दर्शन होईपर्यंत कुत्रं कुणाजवळ?

शेगावचं दर्शन, मग लोणारचं सरोवर आणि परतताना सिंदखेडराजा. सुट्टी लागली की बुलढाणा जिल्ह्यातली ही सहल घरोघरी ठरते. पूर्वी प्रश्न एवढाच असायचा की गाडीत माणसं किती मावतील. आता अनेक घरांत आणखी एक प्रवासी असतो. तो लॅब्राडोर असेल, पग असेल, नाहीतर अंगणात वाढलेला गावठी मोत्या. त्याला दोन दिवस शेजाऱ्यांकडे ठेवायचं मुलांच्या जिवावर येतं. ‘त्यालाही घेऊन जाऊ, गाडी आपलीच तर आहे,’ असं ठरतं आणि मागच्या सीटवर जुनी चादर अंथरली जाते.

तयारी करताना विचार होतो तो रस्त्याचा. वाटेत उलटी करेल का, भुंकून हैराण करेल का, खिडकीतून उडी तर मारणार नाही ना? हे प्रश्न चुकीचे नाहीत. पण या सहलीत कुत्र्याच्या जिवाला खरा घोर असतो तो गाडी थांबल्यावर.

कारण साधं आहे. श्री गजानन महाराजांच्या मंदिरात कुत्र्याला नेता येत नाही. लोणारचं विवर हे अभयारण्य आहे, तिथे पाळीव कुत्र्याला प्रवेश नाही. सिंदखेडराजाचा लखुजीराव जाधवांचा राजवाडा, म्हणजे राजमाता जिजाऊंचं जन्मस्थान, हे संरक्षित स्मारक आहे. तिथेही कुत्र्याला आत सोडतील असं धरून चालू नये. म्हणजे ज्या तीन ठिकाणांसाठी आपण घरातून निघालो, त्या तिन्ही ठिकाणी मोत्याला बाहेरच थांबायचं आहे. बाहेर म्हणजे कुठे, याचं अनेकांच्या मनातलं उत्तर ‘गाडीत’ असंच असतं. काच थोडी खाली ठेवू, झाडाखाली लावू, पंधरा मिनिटांत येऊ. आणि रांगेत उभं राहिलं की ती पंधरा मिनिटं आपल्या हातात राहत नाहीत.

बंद गाडीची भट्टी

उन्हात उभी केलेली गाडी किती वेगाने तापते, याचा एक अभ्यास अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये झाला आणि २००५ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या बालरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बाहेरचं तापमान २२ ते ३६ अंश सेल्सिअस असलेल्या दिवसांत गाडीतलं तापमान मोजलं गेलं. तासाभरात ते सरासरी २२ अंशांनी वाढलं आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. बाहेर जेमतेम २२ अंश, म्हणजे आपल्याकडची हिवाळ्यातली सकाळ, अशा दिवशीही आतला पारा ४७ अंशांवर गेला. काच थोडी खाली ठेवून पाहिली, तरी वाढीचा वेग कमी झाला नाही.

हा अभ्यास कुत्र्यांसाठी नव्हता. गाडीत राहून गेलेल्या लहान मुलांचा विचार करून तो केला होता. त्यामुळे ‘झोपलाय, झोपू दे, आपण पटकन जाऊन येऊ’ हे वाक्य बाळाच्या बाबतीतही तितकंच घातक आहे.

असं का होतं? सूर्यप्रकाश काचेतून सहज आत येतो. त्याने डॅशबोर्ड, स्टिअरिंग आणि सीट तापतात आणि ती उष्णता आतल्या हवेला मिळते. तापलेल्या हवेला बाहेर पडायला मात्र वाट नसते. सावलीचाही भरवसा धरू नये. सूर्य सरकतो, तशी झाडाची सावलीही गाडीवरून सरकते. एसी चालू ठेवून गाडीत कुत्रं सोडणंही योग्य नाही. इंजिन बंद पडलं किंवा कुत्र्याचा पाय एखाद्या बटणावर पडला, तर आत ते कळायला कुणी नसतं.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट घडते. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेत, सहाशे मीटरहून उंचावर आहे. तिथल्या हवेत वाढलेलं कुत्रं बोथा घाट किंवा राजूर घाट उतरून तासाभरात पूर्णेच्या खोऱ्यात, खामगाव-शेगाव-मलकापूरच्या उन्हात येतं. उष्णतेची सवय व्हायला शरीराला काही दिवस लागतात. घाट उतरायला मात्र थोडाच वेळ पुरतो.

कुत्र्याला घाम का येत नाही?

माणसाच्या अंगभर घामाच्या ग्रंथी असतात. घाम वाळतो तेव्हा तो अंगातली उष्णता घेऊन जातो. कुत्र्याच्या अंगावर केस असतात आणि घाम येतो तो फक्त पंजांच्या गाद्यांना, तोही नावापुरता. त्याचं शरीर थंड होतं ते मुख्यतः धापा टाकून. जीभ बाहेर काढून भराभर श्वास घेताना जिभेवरचं आणि श्वासमार्गातलं पाणी वाफ होऊन जातं आणि रक्त थंड होतं. बंद गाडीत नेमकी हीच सोय निकामी होते. हवा अंगापेक्षा गरम होते आणि धापांमुळेच ती दमटही होत जाते. दमट हवेत पाणी वाळत नाही. मग कुत्रं आणखी जोरात धापा टाकतं, त्या कष्टाने अंगात आणखी उष्णता तयार होते आणि चक्र फिरत राहतं.

निरोगी कुत्र्याचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस (१०१ ते १०२.५ फॅरनहाइट) असतं. ते ४१ अंशांच्या पुढे गेलं की मेंदू, मूत्रपिंड, यकृत आणि आतड्याचं अस्तर यांना इजा होऊ लागते, रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडते. पग, बुलडॉग, शिह त्झू अशा बसक्या नाकाच्या कुत्र्यांचा श्वासमार्ग मुळातच अरुंद असल्याने त्यांना धोका सर्वांत जास्त. दाट केसांचे हस्की, लठ्ठ लॅब्राडोर, म्हातारी कुत्री आणि हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असलेली कुत्री यांनाही जपायला हवं.

आधी थंड करा, मग दवाखाना

न थांबणारी जोरकस धाप, घट्ट चिकट लाळ, लालभडक हिरड्या ही सुरुवातीची लक्षणं. नंतर उलटी, जुलाब, झोकांड्या जाणं, झटके आणि शेवटी बेशुद्धी. अशा वेळी बहुतेक जण कुत्र्याला तसंच गाडीत घालून दवाखाना शोधत निघतात. आता पशुवैद्यक सांगतात ते असं : थंड करायला आधी सुरुवात करा, नंतर हलवा.

त्याला सावलीत घ्या. नळाचं, बाटलीतलं, हाताशी असेल ते त्याच्या अंगापेक्षा थंड पाणी मानेवर, पोटावर, काखेत आणि मांड्यांमध्ये सतत ओता आणि वहीने, टॉवेलने, मिळेल त्याने वारा घाला. पाणी आणि वारा दोन्ही एकत्र हवेत. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, तो थोड्याच वेळात गरम होऊन उष्णता आत कोंडतो. शुद्धीत असेल तर पाणी समोर ठेवा, पण तोंडात बळेच ओतू नका, ते फुप्फुसात जाऊ शकतं. तापाची गोळी तर अजिबात देऊ नका. उष्माघात हा ताप नव्हे, त्यामुळे गोळीचा उपयोग होत नाही आणि माणसांची वेदनाशामकं कुत्र्याला विषारी ठरू शकतात.

मग गाडीचा एसी लावून किंवा खिडक्या उघड्या ठेवून डॉक्टरांकडे न्या. तालुक्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. शेगाव-खामगावकडून अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थाही फार दूर नाही. कुत्रं उठून चालायला लागलं तरी डॉक्टरांना दाखवाच. मूत्रपिंडाला आणि रक्ताला झालेली इजा पुढच्या एक-दोन दिवसांत दिसू शकते.

बाकीचे थांबे

ढाब्यावर गाडी थांबली की दार उघडण्याआधी पट्टा हातात घ्या. अनोळखी जागा, ट्रकचे हॉर्न आणि मोकाट कुत्री यांना बिचकून घरचं शांत कुत्रंही रस्त्यावर धाव घेतं. कचोरीचा किंवा भज्यांचा तुकडा लाडाने भरवू नका. तेल-तिखटाने पोट बिघडतंच, शिवाय कांदा कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो. चॉकलेट, मनुका आणि झायलिटॉल असलेलं बिनसाखरेचं च्युइंगम हेही विषारी.

गर्दीत मुलं कौतुकाने हात लावायला येतात आणि घाबरलेलं कुत्रं चावू शकतं. चावा किंवा नुसता ओरखडा असला तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि लगेच सरकारी रुग्णालयात जा. कुत्र्याला रेबीजची लस दिलेली असली तरी डॉक्टरांचा सल्ला घ्या. लसीची नोंदवही सोबत असली की डॉक्टरांना निर्णय घेणं सोपं जातं.

बुलढाणा-खामगाव रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. हिरवळ पाहून ‘जरा पाय मोकळे करू’ असं वाटतं. पण हे नांदतं जंगल आहे. टिपेश्वरहून तेराशेहून अधिक किलोमीटर चालत आलेला वाघ २०१९ च्या अखेरीस इथेच येऊन राहिला होता. इथे बिबटे आहेत आणि कुत्रं ही बिबट्याची आवडती शिकार. उलट बाजूनेही धोका आहे. कुत्र्यांचा डिस्टेंपर हा विषाणू वन्यप्राण्यांना मारतो. २०१८ मध्ये गीरमध्ये सिंह दगावले, तेव्हा त्यांच्यात हा विषाणू सापडला होता. तेव्हा घाटात उतरू नये. कुत्र्याला फिरवायचं ते गावात पोहोचल्यावर.

मोकाट कुत्री आणि गुरं बसतात त्या जागी गोचीड हमखास असतात आणि त्यांच्यामार्फत रक्ताचे आजार पसरतात. मुक्कामी पोहोचल्यावर कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत आणि मानेच्या पट्ट्याखाली हात फिरवून पाहा. सहलीनंतर दोन-तीन आठवड्यांत ताप, मरगळ, पांढुरक्या हिरड्या किंवा नाकातून रक्त दिसलं, तर डॉक्टरांना प्रवासाबद्दल आवर्जून सांगा.

आणि धावत्या गाडीत?

कुत्रं मांडीवर किंवा पुढच्या सीटवर नको. मागच्या सीटवर छातीच्या पट्ट्याला, म्हणजे हार्नेसला, सीटबेल्ट जोडून बसवा. गळ्यातल्या पट्ट्याला बांधू नका, ब्रेक लागला की फास बसतो. ताशी ६० किलोमीटर वेगाच्या गाडीने धडक दिली, तर मोकळं कुत्रं ज्या वेगाने पुढे आदळतं, तो वेग सुमारे १४ मीटर, म्हणजे चार-पाच मजल्यांवरून पडल्याइतका असतो. वेग दुप्पट झाला की ही उंची चौपट होते आणि मेहकर-सिंदखेडराजावरून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर कारची वेगमर्यादा ताशी १२० आहे.

पिल्लांना गाडी लागते, कारण त्यांच्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा पुरती तयार झालेली नसते. निघण्याआधी तीन-चार तास जड खाणं देऊ नका, पाणी मात्र देत राहा. दर दोन तासांनी थांबा. डांबरावर उतरवण्याआधी आपल्या तळहाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून पाहा. पाच सेकंद टेकवणं सोसत नसेल, तर त्याचे पंजेही भाजतील. उलटीवरचं औषध डॉक्टरांनीच ठरवावं, आपली गोळी अर्धी करून देऊ नये.

एवढं सगळं केलं, तरी पहिला प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर घर सोडण्याआधी मिळायला हवं. दर्शनाला दोन तुकड्या करा. पहिली तुकडी आत असेल, तेव्हा दुसरीने कुत्र्याला घेऊन गाडीच्या बाहेर, सावलीत, पाण्याचं भांडं समोर ठेवून बसायचं. मुक्कामाच्या ठिकाणी कुत्रं चालतं का, हे आधी फोन करून विचारा. गाडीत दोघंच मोठी माणसं असतील, मुलं लहान असतील, ऊन कडक असेल किंवा कुत्रं म्हातारं, बसक्या नाकाचं असेल, तर त्याला ओळखीच्या शेजाऱ्याकडे, रोजच्या अंगणात ठेवून जाणं हीच त्याची खरी काळजी. मुलांना दोन दिवस चुकल्यासारखं वाटेल, पण परत आल्यावर फाटकाशी शेपटी हलवणारा मोत्या भेटेल.