नागराज मोठा की भिवा?
मुलांच्या हातातील चित्रकथांचा निवाडा

औंढा नागनाथला एका रविवारी वंदना आटोपली आणि एका मुलाच्या पिशवीतून 'नागराज'चा कव्हर फाटलेला जुना अंक खाली पडला. बापाने डोळे वटारले. पोरगा घाबरला नाही. उलट त्याने आम्हालाच विचारले, "नागराजच्या अंगात इषाची पावर हाय. मंग बाबासायबांच्या अंगात कोन्ती पावर व्हती?"

प्रश्न साधा, पण उत्तर चटकन सुचेना. म्हणून आम्ही तो अंक फाडू दिला नाही. नागराजची गोष्ट आणि बाबासाहेबांवरील दोन चित्रकथा शेजारी ठेवून वाचल्या. आमचा निवाडा पालकांपुढे ठेवत आहोत.

नागराजला दिल्लीच्या राज कॉमिक्सने १९८६ साली जन्माला घातले. पहिली कथा परशुराम शर्मा यांची, चित्रे पुण्याच्या प्रताप मुळीक यांची. नागमणी नावाचा प्रोफेसर त्याला अतिरेक्यांना विकायचे हत्यार म्हणून तयार करतो. बाबा गोरखनाथ त्याला त्या ताब्यातून सोडवतात आणि मग तो अतिरेक्यांविरुद्धच लढू लागतो. चित्रे जोरकस, गोष्ट वेगवान. मूल हरखून जाते यात नवल नाही. पण इथे गुलामाची सुटका होते ती दुसऱ्याच्या सिद्धीने, आणि लोकांची सुटका होते ती एकट्या नागराजमुळे. लोकांनी करायचे काय, तर बघायचे!

औंढ्याच्या मुलाच्या कानावर 'नाग' हे नाव जन्मापासून पडते. त्याला एक गोष्ट जरूर सांगावी. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी नाग लोकांनी धम्माचा प्रसार केल्याचे सांगितले होते. ते नाग म्हणजे साप नव्हेत, ती हाडामांसाची माणसे होती.

दुसरे पुस्तक अमर चित्रकथेचे, १९७९ सालचे. लेखन एस. एस. रेगे, चित्रे दिलीप कदम. चौकटीमागून चौकट सरळ जाते, तिसरी-चौथीचे मूल एका बैठकीत वाचते. मात्र एवढे मोठे आयुष्य बत्तीस पानांत बसवायचे म्हणजे घाई होणारच.

तिसरे 'भीमायन', नवयान प्रकाशनाचे, २०११ सालचे. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी ते रंगवले. यात चौकटी नाहीत. गोड बोलणाऱ्याचे शब्द पक्ष्याच्या आकारात, तर जातीचे विष ओकणाऱ्याच्या शब्दांना विंचवाची नांगी! मूळ पुस्तक इंग्रजी आणि किंमत मजुराच्या खिशाला जड, ही उणीव आहेच. चौकटींची सवय असलेले मूल आधी गोंधळते. पण मोठ्या माणसाने शेजारी बसून पाने उलगडली, तर ते पुस्तक सोडत नाही.

त्यात भिवाचा प्रवास आहे. साल १९०१. मसूर स्टेशनवर उतरलेली मुले वडिलांकडे गोरेगावला निघतात. जात कळताच गाडीवान मिळेना, आणि रात्रभर घोटभर पाणी मिळाले नाही. बाबासाहेबांच्या आठवणींत आणखी एक गोष्ट आहे. त्या गोरेगावला दुष्काळग्रस्तांना काम देण्यासाठी तलाव खोदला जात होता, आणि भिवाचे वडील तिथेच खजिनदार होते! तहानलेल्या त्या भिवाने २० मार्च १९२७ रोजी महाडचे चवदार तळे गाठले. त्या दिवशी हजारो माणसे त्याच्याबरोबर पाणी प्यायली.

आमची कसोटी हीच. नायक लढत असताना लोक काय करतात? नागराजच्या कथेत लोक बघतात, महाडला लोक चालले. बाबासाहेबांची शक्ती त्यांच्या अभ्यासात होती आणि मागे चालणाऱ्या पावलांतही होती. त्या पोराला आम्ही हेच सांगितले.

मात्र बाबासाहेबांनाही आपण 'पावरवाला' करून ठेवू नये. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनीच इशारा दिला होता की राजकारणातील भक्ती ही अधोगतीची आणि हुकूमशाहीची वाट आहे.

तेव्हा मुलांच्या हातून नागराज हिसकावू नका, शेजारी भिवा ठेवा. आणि एक काम करा. १९७८ साली नामांतराच्या प्रश्नावर मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळाल्या, १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला. त्या सोळा वर्षांत मोर्च्यात चाललेली आजी आजही कुणाच्या तरी ओसरीवर बसलेली आहे. मुलांना वही-पेन्सिल द्या आणि तिच्यापुढे बसवा. तिची चित्रकथा अजून कुणी काढलेली नाही.

जय भीम!