तळणाचे दोन मुलूख

आषाढ लागून पेरण्या आटोपल्या आणि वर्धा जिल्ह्याच्या काळ्या कसदार जमिनीवर पावसाने एकदा ठाण मांडले, म्हणजे घरोघरी कढई चुलीवर चढते, ही वहिवाट फार जुनी आहे. ‘आखाड तळणे’ अवघ्या महाराष्ट्राच्या परिचयाचे. कोठे कापण्या होतात, कोठे तिखटमिठाच्या पुऱ्या, आणि वऱ्हाड-नागपूरकडे गुळाच्या पाण्यात कालवलेल्या कणकेचे गुलगुले आणि कोहळ्याचे बोंडे. (येथले कोहळे म्हणजे पुणेकरांचा लाल भोपळा, पेठ्याचे पांढरे फळ आणून कोणी हा प्रयोग करू नये.) बाहेर चिखल, भाज्यांचा तुटवडा, हवेत सर्द गारवा आणि शेतमजुरीने थकलेली माणसे, अशा दिवसांत गूळ, गहू आणि तेल ही तिन्ही बलदायी द्रव्ये एका घासात पोटात घालण्याची ही युक्ती मला कोणत्याही आहारशास्त्राच्या ग्रंथापेक्षा अधिक शहाणी वाटते.

ही युक्ती आपल्याच मुलखाची मिरास आहे असा कोणाचा समज असेल, तर त्याने हॉलंडकडे पाहावे. त्या सखल आणि ओलसर देशात 31 डिसेंबरच्या संध्याकाळी जे घरोघरी आणि रस्तोरस्तीच्या टपऱ्यांत तळले जाते, ते ओलीबोलन नावाचे प्रकरण म्हणजे आंबवलेल्या मैद्याचे, मनुका आणि सफरचंदाचे तुकडे घातलेले, लिंबापेक्षा थोडे मोठे आणि वरून पिठीसाखर भुरभुरलेले गोळे होत. डोरड्रेख्ट गावचा चित्रकार आल्बर्ट काउप याने 1652 च्या सुमारास रंगविलेल्या एका चित्रात अशा गोळ्यांनी भरलेले भांडे घेतलेली एक मोलकरीण आहे, आणि 1667 साली निघालेल्या ‘द फरस्टांडिगे कॉक’ या डच पाकग्रंथात याच जिनसाची कृती बदाम, दालचिनी, सुंठ आणि लवंग यांच्यासह दिलेली आहे. हे मसाले पूर्वेकडचे होते आणि डच व्यापाऱ्यांच्या गलबतांतून तेथे जात, हे सांगावयास नकोच. त्या व्यापाऱ्यांची एक वखार सतराव्या शतकात आपल्या वेंगुर्ल्यासही होती. पुढे हेच डच अमेरिकेत हडसन नदीकाठी वसाहत करण्यास गेले तेव्हा आपले तेलातले गोळे बरोबर घेऊन गेले, आणि आज जगभर विकले जाणारे भोकाचे डोनट हे त्यांचेच वंशज मानले जाते.

तथापि वेंगुर्ल्याच्या वखारीतून ही कृती वर चढत वर्धेपर्यंत आली असावी, असा तर्क मात्र कोणी लढवू नये. ऋग्वेदातदेखील घृतयुक्त अपूपाचा (पिठाच्या एका पक्वान्नाचा) उल्लेख सापडतो, तेव्हा या बाबतीत उसनवारीची आम्हांस गरज नव्हती. या साम्याचे खरे कारण साधे आहे. सामान्य डच घरात भट्टी नसे. पाव भट्टीवाल्याकडून यावयाचा, आणि सणासुदीला घरच्या चुलीवर काही करावयाचे तर लोखंडी भांडे आणि तेल एवढीच साधने हाताशी असत. आपल्या घराची गोष्ट याहून निराळी नव्हती. जेथे चूल आहे आणि भट्टी नाही, तेथे गव्हाचे पीठ फुगवून गोड करण्याचा मार्ग कढईतूनच जातो.

आणि कढईचा विषय निघाला की तेलाचा निघतोच. तळलेल्या पदार्थात पिठाचा वाटा मोठा दिसला तरी चवीचा अंमल तेलाचा असतो, हे सुगरणींना ठाऊक असते. पाकग्रंथांचे लेखक मात्र पुष्कळदा ‘तळण्यासाठी तेल’ एवढ्या दोन शब्दांत ते उरकून टाकतात. त्या 1667 च्या डच ग्रंथकर्त्याने तसे केलेले नाही. मोहरीच्या जातीच्या ‘राप’ नावाच्या बियांचे तेल घ्यावे असे तो स्पष्ट सांगतो. हॉलंडच्या झान नदीकाठी त्या काळी या बिया आणि जवस वाऱ्यावर फिरणाऱ्या चक्क्यांतून चिरडले जात, आणि तशा काही पवनचक्क्या तेथे आजही जतन केलेल्या आहेत.

आपल्याकडे वाऱ्याचे काम तेलघाण्याला जुंपलेले बैल करीत. नागपूर-वर्धेच्या मुलखात जवस हे रब्बीचे नेहमीचे पीक, आणि आजच्या पिढीला नवल वाटेल, पण रोजच्या फोडणीपासून सणाच्या तळणापर्यंत या भागात जवसाचेच तेल चाले. हे तेल स्वभावाने मोठे अधीर. हवा लागली की लवकर खवट होते आणि दाट होऊ लागते, म्हणूनच चित्रकारांच्या रंगांत ते उपयोगी पडते. साहजिकच ते साठवून ठेवण्यापेक्षा गावच्या तेल्याकडून ताजे आणणे आणि तळणापूर्वी चांगले कढवून त्याचा उग्र वास मोडणे, हा गृहिणींचा शिरस्ता होता. घाण्यात उरलेली ढेप गुरांच्या दावणीत जाई.

याच घाण्याचा प्रश्न वर्धेत एके काळी राष्ट्रीय विचाराचा विषय झाला होता. डिसेंबर 1934 मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ येथे स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी आपली बाग त्याच्या हवाली केली, दिवंगत मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ ती मगनवाडी म्हणून ओळखली जाऊ लागली, आणि श्रीकृष्णदास जाजू व जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली गूळ, हातसडीचे तांदूळ, कागद, मधमाशा आणि तेल यांचे प्रयोग तेथे सुरू झाले. झवेरभाई पटेलांनी गावठी घाण्यातले दोष हेरून त्यात सुधारणा केल्या, आणि हा सुधारलेला घाणा ‘वर्धा घाणी’ म्हणून देशभर पोहोचला. शिंदी-ताडाच्या नीरेपासून गूळ करण्याचे कामही याच परिसरात झाले. म्हणजे बोंड्याला लागणाऱ्या दोन मुख्य जिनसांवर, तेलावर आणि गुळावर, जितकी मेहनत या गावाने घेतली तितकी क्वचितच दुसऱ्या कोणी घेतली असेल. आणि गंमत अशी की ज्यांच्या प्रेरणेने हे झाले त्या गांधीजींच्या आश्रमाच्या स्वयंपाकघरात साधे, बिनमसाल्याचे अन्न शिजे आणि तळणाला तेथे फारसा मान नव्हता! आणखी एक योगायोग सांगण्यासारखा आहे. 1935 साली मगनवाडीत गांधीजींनी सोयाबीनचे आहारप्रयोग चालविले तेव्हा हे कडधान्य वर्धेकरांना अपरिचित होते. आज जिल्ह्याच्या खरिपात कपाशीच्या शेजारी सोयाबीनच दिसते, आणि बहुतेक कढयांत तेलही त्याचेच असते. ते घाण्याचे नव्हे, कारखान्यात शुद्ध केलेले. तळणापुरते बोलावयाचे तर त्यात तोटा नाही, कारण शुद्ध केलेले तेल उशिरा धुरकटते. चवीपुरते बोलावयाचे तर घाण्याच्या शेंगदाणा तेलाची सर त्याला नाही.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. बोंड्यांसाठी पिकलेल्या, गर्द केशरी कोहळ्याचा कीस दोन वाट्या घ्यावा, त्यात वाटीभर चिरलेला गूळ घालून मंद आचेवर ठेवावा. पाणी घालू नये, कोहळ्याला स्वतःचे पुरेसे सुटते. कीस शिजून गूळ विरघळला की उतरवून पूर्ण निवू द्यावे. मग चिमूटभर मीठ, वेलची, थोडी खसखस, चमचाभर कडकडीत तेलाचे मोहन आणि मावेल तितकी जाडसर कणीक, साधारण दोन वाट्या, घालून असे पीठ कालवावे की ते हाताला चिकटेल पण बोटांतून ओघळणार नाही. कोहळ्याचा ओलावा दर खेपेला निराळा असल्यामुळे येथे वाटीपेक्षा बोटांवर विश्वास ठेवावा. अर्धा तास झाकून ठेवल्याने कणीक पाणी पिते आणि बोंडे आतून कोरडे राहत नाहीत. ओल्या हाताने, अंगठ्याने ढकलीत, मध्यम आचेवरच्या तेलात ते सोडावेत. आच मोठी केली तर गुळामुळे वरचा भाग बघता बघता काळवंडतो आणि आतली कणीक कच्ची राहते.

डच गोळ्यांचे गणित वेगळे आहे. अर्धा किलो मैद्याला सुमारे 7 ग्रॅम सुके यीस्ट, चारशे ते साडेचारशे मिलिलिटर कोमट दूध, एक अंडे, लहान चमचाभर मीठ, साखर मात्र दोनच चमचे, आणि भिजवून निथळलेल्या मूठभर मनुका व एका सफरचंदाच्या बारीक फोडी. ज्या घरात अंडे चालत नाही तेथे ते गाळून दूध किंचित वाढवावे. गोळा थोडा कमी हलका होतो, इतकेच. साखर एवढी कमी का, तर यीस्ट हा सजीव पदार्थ आहे. थोड्या साखरेवर तो पोसतो, पण ती फार झाली तर पाणी आपल्याकडे ओढून घेते आणि यीस्टचे काम मंदावते. म्हणून डच माणूस आपली गोडी बाहेरून भुरभुरतो. आमच्या गुलगुल्याला यीस्टची तमा नसल्याने तो गूळ पोटात घेऊन बसतो, आणि त्यामुळेच त्याचे अंग घट्ट व चव खोल असते. माझे मत विचाराल तर हलकेपणात डच श्रेष्ठ, चवीत आमचा.

डच गोळ्यांचे मिश्रण चमच्यावरून जडपणे पडेल इतके दाट असावे. झाकून ठेवल्यावर डिसेंबरच्या वर्धेत ते दुप्पट होण्यास तासाहून अधिक वेळ लागू शकतो, आणि मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या घरात असताना, ते डोळ्यांदेखत पातेल्याबाहेर येऊ पाहते. तेव्हा घड्याळापेक्षा पातेल्याकडे पाहावे. फुगल्यावर पुन्हा घोटू नये, नाही तर जमलेला वायू निघून जातो. तेलात बुडविलेल्या दोन चमच्यांनी अलगद गोळे सोडावेत. तेलाची उष्णता 180 अंशांच्या आसपास असावी. तापमापक नसेल तर पिठाचा एक थेंब टाकून पाहावा, तो क्षणभर तळाशी जाऊन बुडबुड्यांसह लगेच वर आला म्हणजे तेल तयार झाले. एक बाजू तळून झाली की गोळा पुष्कळदा स्वतःच कूस बदलतो. पाच-सहा मिनिटांत तो सर्वांगी तांबूस होतो.

तळणात तेल फार राहते ही तक्रार सार्वत्रिक आहे, तिचे मूळ समजून घेतले तर इलाज सोपा आहे. पीठ तेलात पडताच त्यातल्या पाण्याची वाफ होऊन ती जोराने बाहेर पडते, आणि तिचा हा रेटा चालू असेपर्यंत तेलाला आत वाव मिळत नाही. तेल थंड असेल तर वाफ दुबळी राहते आणि कवच धरण्यास उशीर लागतो. परंतु पदार्थ बाहेर काढल्यावरही धोका संपत नाही. तो निवू लागला की आतली वाफ आकसते आणि पृष्ठभागावर राहिलेले तेल आत खेचले जाते. म्हणून झाऱ्यात घेतलेले गोळे कढईवरच, वाफाळत असताना, चांगले झटकून निथळावेत आणि मगच कागदावर घालावेत.

एक सुधारणा वर्धेकराने अवश्य करावी. सफरचंद येथे परगावचे. पण आष्टी-कारंजाकडची आंबिया बहाराची संत्री डिसेंबरात बाजारात असतात. एका संत्र्याची वरची केशरी साल, पांढरा भाग न घेता, किसून डच पिठात घातली तर मनुकांच्या गोडीला जो आंबूस सुगंध येतो तो खुद्द डचांनाही अपरिचित नाही, कारण तेदेखील लिंबूवर्गीय फळांची पाकवलेली साल या पिठात घालतात. गोळे मात्र त्याच संध्याकाळी संपवावेत. रात्र उलटली की त्यांचे अंग चिवट होते. बोंडे दोन दिवस सहज टिकतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाबरोबर खाल्ले तर अधिक मुरलेले लागतात.