दोन फेऱ्यांचे पेट्रोल

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, शार्लट शहराजवळ कॉन्कर्ड येथे, मोटारींच्या शर्यतींसाठी बांधलेला एक मोठा मार्ग आहे. तो १९६० साली खुला झाला. त्याची एक फेरी दीड मैलाची, म्हणजे सुमारे २.४ किलोमीटरांची भरते. वळणांवर रस्त्याची बाहेरची कड इतकी उचललेली आहे की, तेथे रस्ता २४ अंशांनी कललेला असतो. पायी चढणाऱ्याला ती टेकडीच वाटावी. दर वर्षी मे महिन्याच्या अखेरीस येथे सहाशे मैलांची शर्यत होते. चारशे फेऱ्या, सुमारे ९६५ किलोमीटर आणि चार तासांहून अधिक वेळ. दिवसाउजेडी सुरू झालेली ही शर्यत विजेच्या दिव्यांच्या प्रकाशात संपते.

२९ मे २०११ च्या रात्री या शर्यतीच्या अगदी अखेरच्या फेरीत डेल अर्नहार्ट (कनिष्ठ) हा चालक सर्वांच्या पुढे होता. या शर्यतीपूर्वी लागोपाठ १०४ शर्यतींत त्याला यश आले नव्हते. त्याच्या पित्याने हा खेळ गाजवला होता आणि १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोना येथील शर्यतीच्या अखेरच्या फेरीत झालेल्या अपघातात त्याचा अंत झाला होता. तेव्हा या घराण्याचे नाव पुन्हा एकदा अग्रभागी आलेले पाहून प्रेक्षक उभे राहिले यात नवल नाही. फेरी संपत आली. शेवटच्या वळणांपर्यंत गाडी आली आणि टाकीतले पेट्रोल संपले. मागून येणारा केव्हिन हार्विक तिला ओलांडून गेला आणि विजयी झाला. अर्नहार्टची गाडी बंद पडलेल्या इंजिनानिशी घरंगळत सातव्या क्रमांकाने रेषेपलीकडे गेली.

वरवर पाहता हा दैवाचा खेळ वाटतो. परंतु त्या रात्री जे घडले त्याच्या मुळाशी एक अंकगणित आहे, आणि ते शाळेतील विद्यार्थ्यालाही करता येण्याजोगे आहे.

प्रथम या गाड्यांविषयी थोडेसे सांगितले पाहिजे. त्यांना ‘स्टॉक कार’ म्हणतात. स्टॉक म्हणजे दुकानदाराजवळ विक्रीसाठी असलेला माल. १९४८ साली नॅस्कार या संस्थेची स्थापना झाली, त्या काळी दुकानात मिळणाऱ्या साध्या गाड्याच शर्यतीत उतरवावयाच्या, अशी मूळ कल्पना होती. आता हे साम्य केवळ बाह्य आकारापुरते उरले आहे. आतील सांगाडा आणि इंजिन ही खास शर्यतीसाठी बनवलेली असतात. २०११ साली या गाड्यांच्या आठ सिलिंडरांच्या इंजिनांत पेट्रोल व हवा यांचे मिश्रण कार्ब्युरेटरमधूनच होत असे. इंधन फवाऱ्याने सोडण्याची पद्धत या मालिकेत २०१२ साली आली.

आता आकडे घेऊ. २०११ साली गाडीच्या टाकीत सुमारे १८ अमेरिकन गॅलन, म्हणजे ६८ लिटर पेट्रोल मावत असे. पूर्ण वेगाने धावताना एका गॅलनला साधारणतः पाच मैल मिळतात. आपल्या मापाने लिटरला दोन किलोमीटरांहून किंचित अधिक. याचा अर्थ असा की, एका फेरीला एक लिटरहून थोडे जास्त पेट्रोल लागते आणि तेव्हा भरलेली टाकी सुमारे साठ फेऱ्या पुरत असे. चारशे फेऱ्यांच्या शर्यतीत पेट्रोलसाठी अनेकदा थांबावेच लागते. थांबण्याच्या जागेला ‘पिट’ म्हणतात. या शब्दाचा अर्थ खड्डा असला तरी तेथे खड्डा नसतो, तेव्हा तो शब्द तसाच ठेवणे बरे.

पिटमध्ये चारही चाके बदलून पेट्रोल भरावयास त्या काळी बारा-पंधरा सेकंद पुरत असत. ऐकून आश्चर्य वाटेल, पण खरा वेळ तेथे जात नाही. पिटच्या रस्त्यावर वेगाला मर्यादा असते. शर्यतीचा वेग सोडून तेथे शिरणे, थांबणे आणि पुन्हा वेग पकडणे यांत जवळजवळ एक संपूर्ण फेरी हातची जाते. एक फेरी म्हणजे सुमारे तीस सेकंद. ज्या खेळात विजय बहुधा एखाद्या सेकंदाने ठरतो, तेथे तीस सेकंद म्हणजे फार मोठी किंमत झाली. म्हणून प्रत्येक पथकाचा प्रमुख सतत एकाच प्रश्नात गुंतलेला असतो: एक थांबा वाचवता येईल काय?

हा प्रश्न बिकट होण्याचे कारण असे की, टाकीत किती पेट्रोल उरले आहे हे कोणालाच पाहता येत नाही. आपल्या साध्या मोटारीत असतो तसा पेट्रोलचा काटा या गाड्यांत नसतो. तो असता तरी फारसा उपयोग झाला नसता, कारण ताशी २८० किलोमीटर वेगाने डावीकडे वळणाऱ्या गाडीत पेट्रोल टाकीच्या उजव्या भिंतीवर चढून बसते. चालकापुढे असतो तो केवळ इंधनाचा दाब दाखविणारा काटा. हा दाब उतरू लागला की पेट्रोल संपत आले, हे चालकाला कळते. पण ते कळून काही करावयास फार उशीर झालेला असतो.

मग पथके काय करतात? ती तराजूचा आश्रय घेतात. पेट्रोल भरण्याचा डबा भरण्यापूर्वी तोलावयाचा आणि भरून झाल्यावर पुन्हा तोलावयाचा. दोहोंतील फरक म्हणजे टाकीत गेलेले पेट्रोल. त्याला मागील फेऱ्यांच्या संख्येने भागले की दर फेरीचा खर्च निघतो. वाण्याच्या दुकानातल्या हिशेबाहून हा हिशेब वेगळा नाही. मात्र त्याची कसोटी कडक आहे. ६८ लिटरांचा एक शतांश म्हणजे सुमारे पाऊण लिटर, आणि पाऊण लिटर म्हणजे अर्ध्याहून अधिक फेरी. शेकडा एकाची चूक झाली तरी गाडी रेषेच्या अलीकडे उभी राहते.

त्या वर्षी या चुकीला आणखी दोन वाटा उघडल्या होत्या. पेट्रोलचा डबा २०११ च्या हंगामापासून नव्या धर्तीचा आला होता. टाकीतून बाहेर पडणारी हवा त्याच्यातच परत घेतली जाई, त्यामुळे ती झेलण्यासाठी वेगळा माणूस लागत नसे. परंतु टाकी काठोकाठ भरली की नाही, हे ओळखण्याची जुनी खूणही त्याबरोबर गेली. शिवाय त्याच हंगामात पेट्रोलमध्ये शेकडा १५ इथेनॉल मिसळण्यास आरंभ झाला. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते. तेव्हा शेकडा १५ च्या मिश्रणातील ऊर्जा शुद्ध पेट्रोलहून शेकडा पाचच्या आसपास कमी भरते. (आपल्या देशातही पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळले जाते, त्यामुळे हा हिशेब वाचकांना अगदीच परका वाटू नये.) अनेक वर्षांच्या अनुभवावर बसवलेले आडाखे अशा वेळी नव्याने मांडावे लागतात.

येथे थोडे थांबून टाकीविषयी एक जुनी गोष्ट सांगतो, कारण ती याच मार्गावरची आणि याच शर्यतीतली आहे. २४ मे १९६४ रोजी ग्लेन रॉबर्ट्स नावाचा अव्वल चालक येथे अपघातात सापडला. त्याची गाडी उलटली, पेट्रोल पेटले, आणि अंगभर भाजलेला रॉबर्ट्स २ जुलैला मरण पावला. लोक त्याला ‘फायरबॉल’ म्हणत. ते नाव आगीवरून पडलेले नव्हते, तर तरुणपणी तो बेसबॉलचा चेंडू ज्या वेगाने फेकी त्यावरून पडले होते. योगायोग मात्र विदारक खरा. त्या दुर्घटनेनंतर पत्र्याच्या उघड्या टाकीची जागा रबरी पिशवीच्या टाकीने घेतली. आपटली तरी ही पिशवी सहसा फाटत नाही, आणि तिच्यात स्पंजासारखा फेस भरलेला असल्याने पेट्रोल हिंदकळत नाही. अर्थात तळाशी उरलेले पेट्रोल अखेरच्या थेंबापर्यंत शोषून घेण्याची व्यवस्था करणे ही पुन्हा निराळी कारागिरी आहे.

पेट्रोल वाचवावयाचे तर कसे? याचे उत्तर हवेत आहे. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि त्या विरोधाविरुद्ध लागणारी शक्ती आठपट. म्हणून वेग किंचित कमी केला तरी बचत बरीच होते. कुशल चालक सरळ रस्त्याच्या शेवटापर्यंत इंजिनाला पूर्ण पेट्रोल देत नाही. वळण येण्यापूर्वीच पाय उचलतो आणि गाडीला तिच्या गतीनेच वळणात शिरू देतो. दुसरा उपाय म्हणजे पुढच्या गाडीच्या पाठीशी राहणे. पुढची गाडी हवा फोडते, मागची तिच्या आडोशाने कमी विरोधात धावते. यातून एक चमत्कारिक गोष्ट निष्पन्न होते: जो सर्वांच्या पुढे असतो त्याला आडोसा नसतो, आणि पाठलाग करणाऱ्यांमुळे पाय उचलण्याची सोयही नसते. आघाडीवर राहणे हेच त्याला महाग पडते.

पिवळ्या निशाणाचा नियम हे याच हिशेबाचे दुसरे अंग आहे. अपघात झाला किंवा मार्गावर तेल सांडले की पिवळे निशाण दाखवतात. मग सर्व गाड्या एका अधिकृत गाडीच्या मागे मंद वेगाने रांगेत चालतात. या फेऱ्यांत पेट्रोल बरेच कमी जळते; परंतु आघाडीच्या गाडीने कमावलेले अंतरही नाहीसे होते. शिवाय शर्यत पिवळ्या निशाणाखाली संपू नये यासाठी २००४ पासून या मालिकेत असा नियम आहे की, अखेरीस निशाण आल्यास ठरलेल्या फेऱ्या संपल्यावरही शर्यत लांबवून पूर्ण वेगाच्या दोन फेऱ्या घ्याव्यात.

२९ मे २०११ रोजी नेमके हेच झाले. शेवटच्या काही फेऱ्या उरल्या असता जिमी जॉन्सनच्या गाडीचे इंजिन फुटले आणि पिवळे निशाण आले. चारशे फेऱ्यांसाठी मांडलेला हिशेब आता ४०२ फेऱ्यांचा झाला. दोन फेऱ्या म्हणजे सव्वादोन लिटर पेट्रोल. ज्यांच्याजवळ ते नव्हते त्यांच्यापुढे दोन मार्ग होते. पिटमध्ये शिरून पेट्रोल घ्यावे, तर रांगेत मागे जावे लागणार आणि दोन फेऱ्यांत तितक्या गाड्या ओलांडणे अशक्य. न शिरावे, तर गाडी कोठेही थांबण्याचा संभव. अर्नहार्टच्या पथकाचा प्रमुख स्टीव्ह लेटार्ट याने न थांबण्याचे ठरवले. माझ्या मते तो निर्णय चुकीचा नव्हता. पिटमध्ये शिरला असता तर विजय निश्चितपणे गेला असता. न शिरल्याने तो गेला, पण अर्धा मैल अलीकडे.

पुन्हा हिरवे निशाण दाखवले तेव्हा सर्वांत पुढे केसी केन होता. वेग पकडतानाच त्याच्या गाडीतले पेट्रोल संपले. मागच्या गाड्यांची त्यामुळे तारांबळ उडाली, तरी निशाण पिवळे झाले नाही आणि अर्नहार्ट पुढे निघाला. ते निशाण का दाखवले नाही, यावर पुढे बरीच चर्चा झाली. गंमत अशी की, ते दाखवले गेले असते तर सर्वांना आणखी काही फेऱ्या घ्याव्या लागल्या असत्या, आणि अर्नहार्टची गाडी बहुधा आणखी आधीच थांबली असती.

शेवटच्या वळणांत इंजिन बंद पडल्यावरही ती गाडी सातवी कशी आली? सुमारे १६०० किलोग्रॅम वजनाची गाडी ताशी २८० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिच्या गतीत जवळजवळ ५० लाख जूल ऊर्जा साठलेली असते. इतकी ऊर्जा एका पेल्याहून कमी पेट्रोलात असते. परंतु इंजिन पेट्रोलच्या ऊर्जेपैकी सुमारे एक-तृतीयांशच चाकांपर्यंत पोहोचवते. तेव्हा आधीच जळून गेलेले सुमारे अर्धा लिटर पेट्रोल गतीच्या रूपाने त्या गाडीत शिल्लक होते, असे म्हणावयास हरकत नाही. ते तिला रेषेपर्यंत घेऊन गेले. मात्र हवेचा विरोध त्या वेगावर फार तीव्र असतो. ढोबळ हिशेबाने दर सेकंदाला ताशी दहा-बारा किलोमीटर वेग तो खाऊन टाकतो. तेवढ्यात सहा गाड्या पुढे गेल्या.

अर्नहार्टला हे अंकगणित अनुकूल झाल्याचा प्रसंगही आहे. १५ जून २००८ रोजी मिशिगन येथे तो जिंकला होता तो पेट्रोल वाचवूनच. पिवळ्या निशाणाखाली इंजिन बंद करून गाडी घरंगळू देण्याची युक्ती त्याने तेथे वापरली होती. पुढचा विजय त्याला १७ जून २०१२ रोजी, पुन्हा मिशिगनलाच मिळाला. मध्यंतरी १४३ शर्यती गेल्या होत्या.

शार्लटला त्याला ओलांडून गेलेला हार्विक हा २००१ च्या दुर्घटनेनंतर थोरल्या अर्नहार्टच्या जागी नेमलेला चालक होता, आणि त्याच्या गाडीचा मालक तोच, रिचर्ड चिल्ड्रेस, होता. थोरल्या अर्नहार्टचा गाडीक्रमांक ३ या मालकाने तेव्हा बाजूला ठेवला. २०१४ साली तो चिल्ड्रेस यांचा नातू ऑस्टिन डिलन याच्या गाडीवर पुन्हा आला. २८ मे २०१७ रोजी, त्याच शार्लटच्या शर्यतीत, डिलनच्या पथकाने अखेरचा थांबा टाळला. पुढे असलेल्या जिमी जॉन्सननेही तोच जुगार खेळला होता. दोन फेऱ्या उरल्या असता त्याच्या टाकीतले पेट्रोल संपले. डिलन पुढे गेला, त्या दोन फेऱ्या पुऱ्या करून जिंकला, आणि रेषा ओलांडल्यानंतर थोड्याच वेळात त्याचीही टाकी रिकामी झाली.