ओझरची विमानं आणि आईचं काळीज

दिंडोरीत संसार करणाऱ्या बाईला विमानाचं फारसं कौतुक उरत नाही. गच्चीवर कुरडया वाळत घालाव्यात आणि ओझरच्या बाजूने कानठळ्या बसवणारा आवाज यावा, हे आमचं नेहमीचंच. पण माझ्या नववीतल्या लेकीने एक दिवस जाहीर केलं, "आई, मी लढाऊ विमान चालवणार!" आणि तेव्हापासून तो आवाज आला की माझ्या पोटात गोळा येऊ लागला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, एकदा जवळून पाहून तर ये. लांबून सगळंच भयंकर वाटतं."

मग एके दिवशी, शाळेला सुट्टी पण कारखान्याला नाही असा दिवस गाठून, डबा बांधून आम्ही जानोरीला गेलो. ओळखीच्यांच्या द्राक्षबागेच्या बांधावर बसलो. तासभर काहीच नाही! धाकटा कंटाळून दशम्या संपवून मोकळा झाला. आणि मग एकदम छाती थरथरली. दोन शेपट्यांचं सुखोई धावपट्टीवरून उठलं आणि पाहता पाहता सरळ वर गेलं. लेक टाळ्या वाजवत होती. मी मात्र पदर घट्ट धरून उभी होते.

परतताना तिने विचारलं, "पण आई, हे शिकतात कशावर?" ह्यांनाही सांगता येईना. मग घरी येऊन मी वाचायला घेतलं. मैत्रिणींनो, ते तुम्हालाही सांगते.

ओझरचा हा कारखाना १९६४ सालचा, मिग-२१ विमानांसाठी उभारलेला. ती विमानं २६ सप्टेंबर २०२५ ला वायुसेनेतून निवृत्त झाली. आवाजाहून वेगवान अशा त्या विमानावर आपली तरुण मुलं जात, ती संथ शिकाऊ विमानावर शिकून. म्हणजे सायकल शिकलेल्या मुलीच्या हाती एकदम घाटात एसटी द्यावी, तसंच हे! मधल्या पायरीसाठी वेगळं शिकाऊ जेट हवं, असं १९८२ साली एका सरकारी समितीनेही सुचवलं होतं. त्यासाठीच्या हॉक विमानांचा करार झाला २००४ साली, आणि २००८ साली ती आपल्या शेजारच्या बिदरच्या तळावर दाखल झाली. पाव शतक गेलं की हो मध्ये!

त्याच काळात, २००१ साली, मुंबईच्या कविता गाडगीळ यांचा वैमानिक मुलगा अभिजित मिग-२१ च्या अपघातात गेला. ही माउली नुसती रडत बसली नाही. वैमानिकांच्या सुरक्षिततेसाठी तिने वर्षानुवर्षं सरकारला प्रश्न विचारले. हे वाचताना माझे डोळे भरून आले, पण मनात एक गोष्ट पक्की झाली. मुलांना घरात डांबणं हा उपाय नव्हे. त्यांना नीट शिकवलं जातंय ना, हे विचारणं हा आईचा हक्क आहे.

आता पुढची पायरी पाहा. २०१६ साली अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंह या तिघी लढाऊ विभागात दाखल झाल्या. हॉकवर शिकूनच त्या पुढे गेल्या. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून मे २०२५ मध्ये मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. नाशिकला मुलींसाठी सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थाही निघाली आहे. प्रबोधिनीतून वायुसेनेत जायचं तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवं. मी अर्धवेळ शिक्षिका आहे, म्हणून कळकळीने सांगते, 'मुलीला गणित कशाला' असं म्हणून तिची वाट दहावीतच बंद करू नका.

तुम्हीही मुलांना घेऊन विमानं पाहायला गेलात तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. कुंपणाजवळ जाऊ नका, फोटो काढू नका. तान्ह्या मुलाच्या कानांवर आवाज रोखणारे इअरमफ घाला, लोकरी टोपीने एवढा आवाज अडत नाही. डब्यातलं उरलंसुरलं शेतात फेकू नका. त्यावर घारी-कावळे जमतात, आणि एक पक्षी इंजिनात गेला तरी वैमानिकाच्या जिवावर बेतू शकतं. खरकटं पिशवीत बांधून घरी आणा. तेवढं तर आपल्या हातात आहे!

आवाज आला की माझ्या पोटात अजूनही कालवतं, खोटं कशाला सांगू? पण परवा लेकीच्या गणिताच्या शिकवणीची फी मी भिशीच्या पैशातून भरली. सासूबाईंना कळलं तेव्हा त्यांनी आपल्या डब्यातली शंभराची नोट काढून माझ्या हातावर ठेवली.